टाकाऊ रेझिनचे बोर्ड उन्हात वितळतात का?

‘कारखान्यातले टाकाऊ रेझिन घालून केलेले पार्टिकल बोर्ड नागपूरच्या उन्हाळ्यात वितळून सुटतात,’ असा मजकूर अनेक वर्षांपासून फिरतो आहे. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा रेझिनने, म्हणजे गोंदासारख्या कृत्रिम चिकट द्रव्याने, दाबून केलेली फळी. पंचेचाळीस अंशांचा पारा सोसणाऱ्या शहरात ही भीती वाटणे स्वाभाविक आहे.

मात्र बोर्डासाठी सहसा वापरली जाणारी युरिया किंवा फिनॉल फॉर्मल्डिहाइड रेझिने तापदृढ असतात. एकदा पक्की झाल्यावर त्यांच्या रेणूंचे जाळे कायमचे बांधले जाते, त्यामुळे ती मेणासारखी वितळत नाहीत. फार तापवल्यास करपतात. याच कारणाने पक्के झालेले टाकाऊ रेझिन वितळवून पुन्हा गोंद करता येत नाही, ते दळून केवळ भरणद्रव्य म्हणून मिसळता येते. जे अजून पूर्ण पक्के झालेले नाही, तेच ताज्या रेझिनसोबत, उष्ण दाबाखाली, चिकटवण्याच्या कामी येऊ शकते.

खरी काळजी ओलाव्याची आहे, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. युरिया रेझिनचे बंध पाणी आणि उष्णता एकत्र आल्यास हळूहळू तुटतात व फॉर्मल्डिहाइड हा डोळे-घसा चुरचुरवणारा घातक वायू सुटतो, मग रेझिन ताजे असो वा टाकाऊ. कूलरशेजारी ठेवलेल्या कपाटाला म्हणूनच जपावे लागते.

पडताळणीसाठी दुकानातून बोर्डाचा तुकडा मागून घ्यावा, त्याची जाडी मोजावी, चोवीस तास पाण्यात बुडवून पुन्हा मोजावी आणि दुसऱ्या बोर्डाच्या तुकड्याशी तुलना करावी; जो जास्त फुगेल, तो ओलाव्यात कमी टिकणारा. फॉर्मल्डिहाइडचे उत्सर्जन, म्हणजे बोर्डातून किती वायू सुटतो, हे मात्र घरी मोजता येत नाही. त्यासाठी ‘ई-१’ या कमी उत्सर्जनाच्या श्रेणीचा चाचणी अहवाल मागावा, ज्यात शंभर ग्रॅम कोरड्या बोर्डामागे फॉर्मल्डिहाइडची मर्यादा ८ मिलिग्रॅम असते.