ओपन बायोइन्फर्मॅटिक्स फाउंडेशन

(ओबीएफ). जीवशास्त्रीय संशोधनातील मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला पाठबळ देणारी, स्वयंसेवकांच्या बळावर चालणारी ना-नफा संस्था. अमेरिकेत २००१ साली नोंदणी. बायोपर्ल, बायोपायथन, बायोजावा, बायोरूबी हे तिच्या छत्राखालचे जुने प्रकल्प. डीएनए आणि प्रथिनांचे क्रम वाचणे, तपासणे, एका स्वरूपातून दुसऱ्यात नेणे हे या सर्वांचे मूळ काम. फरक प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा.

संस्था स्वतः कोड लिहीत नाही. कोडभोवतीची रुक्ष कामे ती सांभाळते, आणि प्रकल्प अडतात ते बहुधा तिथेच. चार देशांत विखुरलेल्या स्वयंसेवकांचे सामाईक बँक खाते नसते. डोमेन एकाच्या नावावर असते आणि त्याने नोकरी बदलली की नूतनीकरण राहून जाते. पैशाचा व्यवहार २०१२ पासून ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’ या संस्थेमार्फत होतो. देणगीतले ५ टक्के ती प्रशासकीय खर्चापोटी ठेवते.

‘बॉस्क’ (बायोइन्फर्मॅटिक्स ओपन सोर्स कॉन्फरन्स) ही संस्थेची वार्षिक परिषद संस्थेहून जुनी, २००० पासूनची. ती सहसा आयएसएमबी या संगणकीय जीवशास्त्राच्या मोठ्या परिषदेला जोडून भरते. २०१८ मध्ये पोर्टलंडला आणि २०२० मध्ये ऑनलाइन ती गॅलेक्सी या जैविक माहिती विश्लेषणाच्या मुक्त मंचाच्या समुदायाबरोबर झाली. तिथे सॉफ्टवेअरवर भाषण द्यायचे तर त्याचा मान्यताप्राप्त मुक्त परवाना आणि कोडचा दुवा द्यावा लागतो. ‘शैक्षणिक वापरासाठी मोफत’ एवढे चालत नाही, कारण वापराच्या क्षेत्रावर बंधन आले की परवाना मुक्त राहत नाही.

ही साधने वापरणाऱ्याची चूक होते ती बहुतेक वेळा क्रमातील स्थाने मोजताना. जेनबँक (डीएनए क्रमांचा सार्वजनिक साठा) १ पासून मोजते आणि दोन्ही टोके धरते. पायथन ० पासून मोजते आणि शेवटचे टोक वगळते. म्हणून जेनबँकेतील १०..२० (११ बेस, म्हणजे डीएनएची अक्षरे) पायथनमध्ये [९:२०] होते. फाइल वाचताना बायोपायथन हा बदल आपोआप करते. शोधनिबंधातून हाताने उतरवलेल्या आकड्यांचे तसे नाही. सुरुवात एका बेसने सरकली की पुढचा प्रत्येक कोडॉन (तीन बेसचा गट) बदलतो आणि भाषांतरित प्रथिन पार चुकीचे निघते.

जुना कोड बंद पडण्याचे एक ठरलेले कारण : बायोपायथनच्या २०२० च्या १.७८ आवृत्तीतून ‘बायो.अल्फाबेट’ (क्रम डीएनएचा की प्रथिनाचा हे सांगणारा भाग) काढून टाकले. कोडमधली त्याची आयात (import) ओळ वगळावी; जेनबँक फाइल लिहायची असल्यास रेणूचा प्रकार नोंदीच्या ‘अ‍ॅनोटेशन्स’मध्ये द्यावा.