पतसंस्था दानावर चालत नाही

पतसंस्था म्हणजे श्रीमंतांनी दयेपोटी गरिबांसाठी काढलेली पेढी, हा समज फार जुना आहे. तो चुकीचा आहे, पण अगदी निराधार नाही. जर्मनीत फ्रीडरिश विल्हेल्म राइफायझन यांनी १८४६-४७ च्या दुष्काळात सधन लोकांकडून पैसा उभा करून उपाशी कुटुंबांना उधारीवर पाव मिळवून दिला. पुढे १८५४ मध्ये हेडेसडॉर्फला काढलेली संस्थाही दात्यांच्याच भरवशावर होती. दात्यांचा उत्साह ओसरला आणि काम अडले. मग १८६४ मध्ये त्यांनी पाया बदलला: कर्ज हवे असणाऱ्यांनीच सभासद व्हायचे आणि संस्थेच्या देण्यांची जबाबदारी सगळ्यांनी मिळून घ्यायची. माझ्या मते पतसंस्थेचा खरा जन्म इथला. शहरी कारागिरांसाठी हेरमान शुल्त्स-डेलिच त्याआधीच, १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला, स्वावलंबनाच्या या वाटेला लागले होते.

१९०० मध्ये आल्फाँस देजार्दँ यांनी कॅनडातल्या लेव्ही गावात अशीच संस्था स्थापली; तिथली पहिली ठेव होती अवघी दहा सेंटची!

आजही भांडवल मुख्यतः सभासदांच्या ठेवींचेच असते. ठेव कितीही असो, मत एकच. वर्षअखेरीचा वाढावा बाहेरच्या गुंतवणूकदाराकडे जात नाही. तो राखीव निधीत जातो किंवा सभासदांकडे परततो. त्यामुळे कर्ज देताना परतफेडीची कुवत तपासली जाते, तेव्हा कुणी रागावू नये. बुडालेला हप्ता दुसऱ्या सभासदाच्या बचतीतून जातो.