ड्रायर दोन: एक पाणी फेकतो, दुसरा वाळवतो

पावसाळा लागला की साताऱ्यात काय आणि सांगलीत काय, घरोघरी एकच तक्रार असते: कपडे वाळत नाहीत. कुणी सुचवतं, ‘ड्रायर घ्या.’ त्यावर उत्तर येतं, ‘आहे की आमच्या मशीनला.’ दोघंही खरंच बोलतात, फक्त दोन निराळ्या यंत्रांबद्दल. या गोंधळात पैसे वाया जातात ते जातातच. पण मला त्याहून मोठी काळजी वाटते ती जिवाची. एका ड्रायरचा धोका टबाच्या वेगात आहे, दुसऱ्याचा उष्णतेत. पहिला वापरून अंगवळणी पडलेली सावधगिरी दुसऱ्यापाशी कामाला येत नाही.

पहिला ड्रायर म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा तो लहान, उभा टब. तो मिनिटाला साधारण १३०० ते १४०० फेरे घेतो. कपडे टबाच्या कडेला दाबून चिकटतात आणि पाणी भोकांतून बाहेर फेकलं जातं. यात हीटर नसतो. जाहिरातीत ‘एअर ड्राय’ किंवा ‘टर्बो ड्राय’ लिहिलेलं असलं तरी बहुतेक वेळा झाकणाच्या फटींतून खोलीतलीच हवा आत ओढली जाते. फुल्ली ऑटोमॅटिक मशीनचं ‘स्पिन’ हे याच जातीचं काम.

दुसरा टम्बल ड्रायर. दिसायला फ्रंट लोड मशीनसारखा, पण त्याला पाण्याचा नळ जोडत नाहीत. त्याचा ड्रम सावकाश फिरतो, मिनिटाला पन्नासेक फेरे, आणि कपडे वर उचलले जाऊन गरम हवेतून खाली पडत राहतात. पाणी फेकलं जात नाही, त्याची वाफ होते. बाहेर काढलेला टॉवेल खरोखर कोरडा असतो, घडी घालून थेट कपाटात ठेवण्याजोगा.

विजेचा हिशेब पाहिला की दोघांतलं अंतर कळतं. फिरकीच्या टबाची दीड-दोनशे वॅटची मोटर पाच मिनिटं चालली तर एका युनिटच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी वीज जाते. पण चांगलं स्पिन झाल्यावरही सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या निम्मं किंवा थोडं जास्त पाणी उरतं. म्हणजे चार किलो कपड्यांत दोन किलोहून जास्त. हे उरलेलं पाणी कितीही फिरवलं तरी निघत नाही, ते उडवावंच लागतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६५ युनिट लागतं, हा निसर्गाचाच नियम आहे. म्हणून साधा हीटरचा ड्रायर अशा एका खेपेला दोन युनिटांच्या आसपास खातो. हीट पंपाचा ड्रायर तीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरतो, त्यामुळे त्याचं काम साधारण निम्म्या विजेत होतं. मात्र तो महाग असतो आणि वेळही जास्त घेतो.

यातून एक गोष्ट उघड आहे: ज्यांच्याकडे गरम हवेचा ड्रायर आहे, त्यांनीही आधी कपडे नीट स्पिन करावेत. निथळते कपडे ड्रायरमध्ये टाकणं म्हणजे स्पिनमध्ये जवळपास फुकटात निघणारं पाणी पैसे देऊन उडवणं.

कोणाला कोणता लागतो, याचं उत्तर आपल्या दोन्ही जिल्ह्यांत तालुक्यागणिक बदलतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणला पाचशेच्या आसपास. सांगलीतही शिराळा-चांदोलीकडे धुकं आणि झड, तर जत-आटपाडीकडे भर पावसाळ्यातही ऊन. दहिवडीला किंवा जतला माझं मत विचाराल तर फिरकीचा टब आणि गच्चीवरची दोरी यांपलीकडे काही घेऊ नये. मेढा, पाटण, कोयनानगर, पाचगणी इकडे मात्र जुलै-ऑगस्टमध्ये चार-चार दिवस कपडे ओलसर राहतात, कुबट वास धरतात. घरात तान्हं बाळ किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर तिथे गरम ड्रायर ही चैन म्हणता येणार नाही. शेगडीवर डालगं पालथं घालून बाळाची दुपटी वाळवायची जुनी रीत आजही काही घरांत आहे. निखाऱ्यांचा धूर आणि एखादं दुपटं घसरून पडण्याची भीती पाहता, नीट बसवलेला ड्रायर मला त्याहून कितीतरी सुरक्षित वाटतो.

आता फिरकीच्या टबाकडे येऊ. त्याला आपण इतके सरावलेलो असतो की त्याची भीतीच वाटत नाही, आणि अपघात तिथेच होतो. झाकण उघडताच वीज तुटून ब्रेक लागायला हवा आणि टब काही सेकंदांत थांबायला हवा. ब्रेकची तार सैल झाली की झाकण उघडल्यावरही टब बराच वेळ गरगरत राहतो. घाईत कुणीतरी त्यात हात घालतं. ओल्या साडीचा किंवा ओढणीचा वेढा बोटांभोवती बसला की हात सोडवायला वेळच मिळत नाही. बोटं आणि मनगट मोडण्याइतका जोर त्यात असतो. म्हणून टब पुरता थांबल्याशिवाय हात नाही, हा नियम मुलांपासून आजीपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवा. टब थांबायला पूर्वीपेक्षा वेळ घेतोय असं दिसलं तर त्याच आठवड्यात ब्रेक दुरुस्त करून घ्या. झाकणाचा स्विच बिघडला म्हणून तो काडी खुपसून किंवा चिकटपट्टीने दाबून ठेवणारी माणसं आहेत. असं मशीन मी माझ्या घरात एक दिवसही चालू देणार नाही.

भरण्याची पद्धतही महत्त्वाची. बहुतेक मशीनमध्ये या टबाची क्षमता धुण्याच्या टबापेक्षा कमी असते. जड कपडे तळाशी आणि कडेने सारखे पसरून, हलके वर, आणि त्यावर प्लॅस्टिकची चकती दाबून बसवायची. ती चकती बहुतेक घरांत हरवलेली असते. ती नसली की मोजे आणि रुमाल उडून आतल्या आणि बाहेरच्या टबाच्या मधल्या जागेत जातात, टब अडकतो आणि मोटर नुसती गुणगुणते. तो आवाज आला की लगेच बंद करा. अडकलेली मोटर थोड्याच वेळात तापून जळते. धडधड सुरू झाली तरी तेच: थांबवा, कपडे पुन्हा लावा. मशीन हाताने दाबून धरून स्पिन पुरं करणं चुकीचंच.

ओल्या मोरीत मशीन ठेवलेलं असेल तर अर्थिंग तपासून घ्या आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात, हे ‘पावसाळ्यात होतं असं’ म्हणून सोडून द्यायचं नाही. टबाखालचं रबरी सील गळायला लागलं की पाणी थेट मोटरवर पडतं. खालून उघड्या मशीनमध्ये उंदीर शिरून वायरी कुरतडतात, शेताकडेच्या घरांत तर नेहमीच. खालची जाळी किंवा पत्रा बसवून घ्यायला फार खर्च येत नाही.

गरम हवेच्या ड्रायरशी वागताना मात्र वेगळीच माणसं व्हावं लागतं. तिथे हात अडकण्याची भीती कमी, पण आगीची आहे.

कपडे हवेत आपटत राहिले की त्यांचे बारीक तंतू सुटतात आणि दाराजवळच्या जाळीवर करड्या कापसासारखे साचतात. दुरुस्तीवाले त्याला लिंट म्हणतात. ते अतिशय पटकन पेटतं. जाळी भरली की हवा अडते, हवा अडली की आतलं तापमान चढतं, आणि जाळीतून निसटलेलं लिंट हीटरजवळ साचत जातं. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा आढावा घेतला तेव्हा तिथे दरवर्षी घरगुती ड्रायरच्या सुमारे २,९०० आगी नोंदल्या गेल्याचं दिसलं, आणि सर्वांत मोठं कारण होतं साफसफाई न करणं, ३४ टक्के. जाळी प्रत्येक खेपेनंतर साफ करायची. ‘आठवड्यातून एकदा’ पुरत नाही. वॉशिंग मशीनची जाळी महिन्याने झटकायची सवय असते, तीच इथे नडते. फॅब्रिक सॉफ्टनर वापरत असाल तर जाळीवर न दिसणारा थर बसतो. जाळी नळाखाली धरून पाहा: पाणी वर साचून राहिलं तर साबण आणि मऊ ब्रशने घासा, आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा.

तेलाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या घरांत तेल फार आहे. बाळाच्या मालिशचं, डोक्याचं, तळणीच्या फडक्यांचं, तालमीतल्या पोरांच्या अंगाचं. तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावताना उष्णता सोडतं. कापडाच्या तंतूंवर ते पातळ पसरलेलं असतं, त्यामुळे ही क्रिया जलद होते, आणि ड्रायरच्या उष्णतेने आणखी वेग घेते. असे गरम कपडे ढिगात पडून राहिले की आतली उष्णता बाहेर निघत नाही, वाढत जाते, आणि मशीन बंद झाल्यावर काही तासांनीसुद्धा ढीग आपोआप पेटू शकतो. सगळी तेलं सारखी नाहीत. खोबरेल यात बरंच सौम्य. शेंगदाणा आणि तीळ मधले. करडई आणि सूर्यफूल तापट, आणि जवस सर्वांत वाईट. करडई आपल्या रब्बीच्या शेतांतलीच, आणि जवसाचं तेल रंगकामात असतं. धुतल्याने तेल सगळं जात नाही. गरम पाणी आणि जास्त साबण वापरला तर धोका कमी होतो, संपत नाही. माझा सल्ला सरळ आहे: स्वयंपाकाची फडकी, मालिशची दुपटी आणि पंचे दोरीवरच, पंख्याखाली वाळवा, चार दिवस लागले तरी. पेट्रोल, रॉकेल, थिनर लागलेले कपडे, गॅरेजमधले किंवा कारखान्यातले ग्रीसने माखलेले डगले यांना तर ड्रायरच्या जवळही आणू नका.

याच कारणाने ड्रायर मधेच बंद करू नये. शेवटची काही मिनिटं तो बिनउष्णतेची हवा फिरवून कपडे थंड करतो. वीज गेली आणि ड्रम गरम कपड्यांनी भरलेला राहिला, जे आपल्याकडे पावसाळ्यात होणारच, तर दार उघडून कपडे बाहेर काढून सुटे पसरा. रात्री लावून झोपायचं नाही, लावून बाजाराला जायचं नाही. लहान मुलं आणि मांजर ड्रममध्ये शिरतात, म्हणून चालू करण्याआधी आत एकदा पाहायचं आणि एरवी दार बंद ठेवायचं.

बसवताना दोन गोष्टींत काटकसर नको. हीटरचा ड्रायर २००० ते २५०० वॅट ओढतो, म्हणजे ९ ते ११ अँपिअर. त्याला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट आणि गीझरला टाकतात तशी जाड वायर लागते. एक्स्टेन्शन बोर्डवर तो चालवायचा नाही. घरच्या इन्व्हर्टरवरही नाही. दुसरी गोष्ट पाइपाची. व्हेंटेड प्रकारात ओली गरम हवा नळीने घराबाहेर जायला हवी. नळी शक्य तितकी आखूड आणि सरळ, आणि प्लॅस्टिकऐवजी धातूची. ती खोलीतच सोडली तर कपड्यातलं पाणी भिंतीत जातं आणि बुरशी धरते. बाहेरच्या तोंडाला उंदीर-पाखरांसाठी बारीक जाळी लावायचा मोह होतो, पण त्या जाळीत लिंट अडकून वाट बंद होते. तिथे आपोआप मिटणारी झडप बसवा. कंडेन्सर (वाफेचं आतच पुन्हा पाणी करणारा) किंवा हीट पंपाच्या प्रकाराला नळी लागत नाही. त्याची पाण्याची टाकी मात्र दर खेपेला रिकामी करावी लागते, ड्रेनला जोडली नसेल तर.

दोन्ही ड्रायरना एकच कपडा कसा वेगळ्या कारणाने चालत नाही, याचं चांगलं उदाहरण रेनकोट. फिरकीच्या टबात त्यातून पाणी पार होत नाही, ते खोळीत साठतं, ऐन वेगात एकदम सुटतं आणि तोल जाऊन अख्खं मशीन उडी मारतं. गरम ड्रायरमध्ये त्याचा रबरी किंवा प्लॅस्टिकचा थर वितळतो. रबर आणि फोम बसवलेली पायपुसणी, उशा यांचंही तसंच. लोकरी स्वेटरचं उलट: जाळीच्या पिशवीत घालून थोडा वेळ स्पिन केलेला त्याला सोसतो, गरम हवेत आपटला की आटून पोराच्या मापाचा होतो.

धुणं आणि वाळवणं एकाच ड्रममध्ये करणारी मशीनही आता मिळतात. तिथे एवढंच बघा की ८ किलो धुणारं मशीन वाळवताना अनेकदा ५ किलोच घेतं. सगळे कपडे तसेच ठेवून ‘ड्राय’ दाबलं तर चुरगळलेलं, अर्धं ओलं कापड हाती येतं.

सांगलीकरांसाठी पुराचं वेगळं सांगायला हवं. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी घरांत शिरलं. पूर ओसरल्यावर ‘चालतंय का बघू’ म्हणून भिजलेलं मशीन प्लगला लावू नका, मग ते कोणतंही असो. फिरकीचं मशीन साधं असतं. गाळ धुऊन, मोटर काढून वाळवून, गरज पडल्यास रिवाइंड करून ते बऱ्याचदा सुटतं, फक्त ब्रेक आणि झाकणाचा स्विच नव्याने तपासायला हवा. गरम ड्रायरमध्ये गाळ हीटरच्या कप्प्यात आणि इलेक्ट्रॉनिक बोर्डावर बसतो, आणि हीट पंपाच्या काही मॉडेलमध्ये ज्वालाग्राही वायू भरलेला असतो, म्हणून तो घरी खोलू नये. पाण्याचा इशारा आला की ड्रायरचा प्लग काढा, जमलं तर तो माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर चढवा, आणि पाणी उतरल्यावर कंपनीच्या माणसाने इन्सुलेशन मोजून होकार दिल्याशिवाय बटण दाबू नका.