ट्रकचा मस्टर : अमेरिकेतल्या ईएलडी सक्तीची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या ट्रकमध्ये स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ, नऊ पिनांचं एक गोल सॉकेट असतं. मेकॅनिक इंजिनाचा बिघाड शोधायला तिथेच आपलं यंत्र लावतो. गेली काही वर्षं त्या सॉकेटात मुठीत मावेल एवढा एक डबा मुक्कामाला आला आहे. गाडीने ताशी ५ मैलांचा वेग ओलांडला की तो परस्पर 'ड्रायव्हिंग' अशी नोंद करतो. गाडी पाच मिनिटं जागची हलली नाही, की पडद्यावर विचारतो, अजून चालवताय का? मिनिटभरात उत्तर आलं नाही तर 'कामावर, पण चालवत नाही' असं लिहून मोकळा होतो. याचं नाव ईएलडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक लॉगिंग डिव्हाइस, ड्रायव्हरच्या कामाच्या तासांची नोंद ठेवणारं यंत्र.

तो बसवायला अर्धा तास पुष्कळ झाला. बसवावा की नाही, यावर मात्र तीस वर्षं भांडण चाललं. आणि त्या भांडणाचं मूळ डब्याच्या जन्माआधी पन्नास वर्षं रुजलेलं होतं.

रेल्वे कामगारांच्या तासांवर अमेरिकेने १९०७ मध्येच मर्यादा घातली होती, सलग १६ तासांची. ट्रकांची पाळी आली ती १९३५ च्या मोटर कॅरिअर कायद्याने. या कायद्याने राज्याराज्यांत फिरणाऱ्या ट्रकांचा कारभार आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे दिला आणि ड्रायव्हरने किती तास चालवायचं, हे ठरवायचा अधिकारही दिला. दशक संपता संपता नियम स्थिरावला: दहा तास चालवा, मग आठ तास आराम, आणि सात दिवसांत एकूण काम ६० तासांच्या आत. नियम पाळला जातो की नाही हे कळावं म्हणून ड्रायव्हरने रोज स्वतःच्या हाताने लॉग लिहायचा.

त्याच सुमारास, १९३८ मध्ये, किमान वेतन आणि ओव्हरटाइमचा कायदा आला. त्यात एक पोटकलम होतं. ज्यांचे तास वाणिज्य आयोग ठरवू शकतो, त्यांना ओव्हरटाइमची तरतूद लागू नाही. ट्रक ड्रायव्हर यातून अलगद बाहेर पडले आणि आजही बाहेरच आहेत. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला मोबदला मिळू लागला तो मैलावर. म्हणजे सरकार तास मोजणार आणि मालक मैल मोजणार. दोन्ही हिशेब एकाच माणसाच्या अंगावर आणि त्यांची सांगड घालायची जागा एकच, ती लॉगची वही.

ती वही पाहण्यासारखी असते. पानावर चोवीस तासांची आडवी चौकट, तासाचे चार भाग पाडणाऱ्या बारीक रेघा, आणि एकाखाली एक चार ओळी: सुट्टी, केबिनमधला पलंग, ड्रायव्हिंग, आणि चालवण्याव्यतिरिक्तचं काम. पट्टी घेऊन रेघ ओढायची. काम बदललं की रेघ खाली-वर उतरवायची. दिवस संपला की शाळेतल्या आलेखासारखी पायऱ्यापायऱ्यांची आकृती तयार. ती ओढणारा आणि तपासणीच्या वेळी दाखवणारा माणूस एकच. ट्रकवाल्यांनी या वहीला नाव दिलं होतं 'कॉमिक बुक'. काहीजण एकाऐवजी दोन वह्या बाळगत, एक पोलिसांसाठी, एक खऱ्या हिशेबासाठी. आपल्याकडे याला दोन नंबरची चोपडी म्हणतात, समजावून सांगायची गरज नाही.

यात सगळे लबाड होते असं म्हणणं मला पटत नाही. एक साधा दिवस घ्या. ड्रायव्हर सकाळी ६ वाजता गाडी तपासून निघाला, ७ ला गोदामाच्या धक्क्यावर पोचला. माल चढायला दुपारचा १ वाजला. या सहा तासांचे पैसे बहुतेक वेळा शून्य, कारण चाक फिरलेलं नाही. आजच्या नियमाने कामाची खिडकी पहिल्या कामापासून सलग १४ तासांची, म्हणजे रात्री ८ वाजता बंद. त्यात ११ तास चालवायची मुभा आहे, पण याच्या हातात उरले सात. ताशी ५५ मैल धरले तरी सहाशेऐवजी पावणेचारशे-चारशे मैल. गोदामवाल्याने घालवलेल्या वेळेचा भुर्दंड ड्रायव्हरला. कागदी वहीत यावर इलाज होता. सकाळची सुरुवात १० वाजता दाखवायची किंवा धक्क्यावरचे तास पलंगाच्या ओळीत ढकलायचे.

१९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या काळात ट्रक व्यवसायावरची भाड्याची आणि परवान्यांची बंधनं सैल झाली. नव्या कंपन्या आल्या, भाडी उतरली, आणि मैलामागे मिळणाऱ्या पैशात घर चालवायला जास्त मैल लागू लागले. वहीतली रेघ जास्त वाकू लागली असेल तर त्यात नवल नाही.

याच दशकात यंत्राची मागणी पुढे आली. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेने १९८६ मध्ये सरकारकडे अर्ज केला की ट्रकमध्ये स्वयंचलित नोंदयंत्र सक्तीचं करा. सक्ती झाली नाही. १९८८ मध्ये एवढंच ठरलं, की ज्याला वापरायचं त्याने कागदाऐवजी यंत्र वापरावं. युरोपात तोवर हा प्रश्न जुना झाला होता. तिथे टॅकोग्राफ नावाचं यंत्र गोल कागदी तबकडीवर वेग आणि वेळ कोरत असे आणि युरोपीय समुदायाने १९७० मध्येच त्याचा नियम केला होता. ब्रिटिश ट्रकवाल्यांनी त्याला 'केबिनमधला हेर' म्हणून हाकाटी केली. ब्रिटिश सरकारने चालढकल केली तेव्हा १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्याला फटकारलं.

अमेरिकेत मात्र यंत्र सरकारच्या आधी मालकांच्या सोयीने ट्रकमध्ये शिरलं. क्वालकॉमने १९८८ मध्ये उपग्रहावर चालणारी ऑम्नीट्रॅक्स ही व्यवस्था बाजारात आणली. विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे इथली श्नायडर ही मोठी वाहतूक कंपनी तिचं पहिलं बडं गिऱ्हाईक. गाडी कुठे आहे हे ऑफिसात बसून कळू लागलं, आणि ड्रायव्हरला मेसेज पाठवता येऊ लागला. मोबाइल खिशात नसण्याच्या काळात ही जादूच होती. दहा वर्षांनी, १९९८ मध्ये, ओमाहाच्या वर्नर कंपनीने सरकारशी करार करून कागदाऐवजी उपग्रहाच्या नोंदींवर लॉग ठेवण्याचा प्रयोग सुरू केला. थोडक्यात, मोठ्या कंपन्यांना डबा परका नव्हता. त्यांच्यासाठी तो मालाचा माग ठेवण्याचा खर्च होता, जो त्या एरवीही करतच होत्या. एक ट्रक आणि एक माणूस एवढाच धंदा असलेल्या ओनर-ऑपरेटरला मात्र तो भुर्दंड आणि वर पाळत वाटला. पुढची सगळी फूट या रेषेवर पडली.

वाणिज्य आयोग १९९५ च्या अखेरीस मोडीत निघाला आणि २००० च्या १ जानेवारीपासून ट्रकांच्या सुरक्षिततेसाठी एफएमसीएसए ही स्वतंत्र संस्था आली. तिने २००३ मध्ये तासांचे नियम नव्याने लिहिले आणि ते जानेवारी २००४ पासून लागू झाले. ११ तास चालवणं, १० तास विश्रांती, आणि १४ तासांची ती सलग खिडकी. हा बदल दिसतो त्याहून कडक आहे. आधी कामाचे १५ तास असत, पण मधली सुट्टी त्यातून वगळली जाई. जेवायला थांबलात, डुलकी काढलीत, तर घड्याळही थांबे. नव्या नियमात घड्याळ थांबेना. तरी फार बोंब झाली नाही, कारण हिशेब लिहिणारा हात अजून ड्रायव्हरचाच होता.

मग कोर्टाचा अंक. पब्लिक सिटिझन या संघटनेच्या दाव्यात वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने जुलै २००४ मध्ये तासांचे नियम रद्द ठरवले, ड्रायव्हरच्या आरोग्याचा विचारच केला नाही म्हणून. जाता जाता नोंदयंत्रांचा प्रश्न टाळल्याबद्दलही संस्थेचे कान टोचले. संस्थेने २०१० मध्ये अर्धं पाऊल टाकलं: ज्या कंपन्या तपासणीत वारंवार दोषी ठरतात, त्यांच्यापुरती यंत्रसक्ती. यावर छोट्या ट्रकमालकांची ओओआयडीए ही संघटना कोर्टात गेली आणि ऑगस्ट २०११ मध्ये शिकागोच्या सातव्या सर्किट अपील न्यायालयात जिंकली. मुद्दा बारीक पण खरा होता. कायद्यातच लिहिलं होतं की असं यंत्र ड्रायव्हरचा छळ करायला वापरलं जाणार नाही, याची काळजी संस्थेने घ्यावी. संस्थेने ती घेतलीच नव्हती. विश्रांतीला आडव्या झालेल्या माणसाला रात्री मेसेजची घंटी वाजवून 'तास शिल्लक आहेत, निघ' म्हणणं, हा छळ नाही तर काय?

मग काँग्रेसनेच, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनेच, हात घातला. ओबामांनी जुलै २०१२ मध्ये सही केलेल्या मॅप-२१ या महामार्ग कायद्याने सगळ्यांसाठी यंत्र सक्तीचं करण्याचा आदेश दिला. याच कायद्यात 'जेसनचा कायदा' म्हणून ओळखलं जाणारं एक कलम आहे, ट्रकांच्या पार्किंगबद्दलचं. माल उतरवायच्या वेळेआधी पोचलेला आणि आत घेतला न गेलेला एक ड्रायव्हर २००९ मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर गाडी लावून थांबला होता. तिथे लुटारूंनी त्याला गोळ्या घातल्या. कलम आलं ते त्याच्या नावाने. एकाच कायद्याने ड्रायव्हरला सांगितलं की तास संपले की थांबलंच पाहिजे, आणि हेही मान्य केलं की थांबायला जागा नाही. यंत्रं वेळेत आली. पार्किंगची रड अजून चालू आहे.

अंतिम नियम डिसेंबर २०१५ मध्ये निघाला. त्यामुळे वर्षाला २६ जीव वाचतील आणि ५६२ जण जखमी व्हायचे टळतील, असा संस्थेचा अंदाज होता. पैशाचा मोठा फायदा मात्र कागदपत्रं कमी होण्यातूनच दाखवला होता. छळाच्या मुद्द्यावर या वेळी तयारी होती. ड्रायव्हर पलंगावर असताना यंत्राचा आवाज बंद करता यायला हवा, आणि ऑफिसने नोंद बदलायला सुचवली तर ड्रायव्हरने मान्य केल्याशिवाय ती बदलू नये. मूळ नोंद तर पुसलीच जाणार नाही. ओओआयडीए पुन्हा कोर्टात गेली, खासगीपणाचा मुद्दा घेऊन. त्याच सातव्या सर्किटने ऑक्टोबर २०१६ मध्ये नियम उचलून धरला. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये प्रकरण ऐकायलाच नकार दिला. १८ डिसेंबर २०१७ पासून सक्ती, आणि १ एप्रिल २०१८ पासून यंत्र नसलेली गाडी सापडली की दहा तास जागेवर उभी. आधीच्या पिढीची यंत्रं असलेल्यांना डिसेंबर २०१९ पर्यंत मुदत मिळाली.

मग सुरू झाली खरेदीची धांदल, आणि इथे सरकारने एक गोष्ट अशी ठेवली की कपाळाला हात लावावा. यंत्र नियमात बसतं की नाही, हे बनवणाऱ्यानेच स्वतः लिहून द्यायचं. एफएमसीएसए ते नाव यादीत चढवते, तपासून प्रमाणपत्र देत नाही. यादी शेकड्यांत गेली. पुढे त्यातली नावं एकामागून एक काढली जाऊ लागली. नाव निघालं की साधारण ६० दिवसांत दुसरं यंत्र घ्यायचं, आधीचे पैसे गेले. कॅनडाने हा धडा पाहिला आणि जून २०२१ मध्ये आपली सक्ती आणताना त्रयस्थ संस्थेकडून तपासणी बंधनकारक केली.

सक्तीच्या वेळी सरकारी हिशेबाने एका ट्रकमागे वर्षाचा खर्च १६५ ते ८३२ डॉलर होता, सर्वाधिक खपणाऱ्या यंत्राचा ४९५. डबा स्वस्त किंवा फुकट आणि महिन्याचं भाडं कायमचं, हा व्यवहार आपल्याला डिश टीव्हीपासून ओळखीचा आहे. बसवताना सॉकेट जुनं सहा पिनांचं आहे की नऊ पिनांचं, नऊचं असेल तर काळं की २०१६ च्या आसपासचं हिरवं, एवढं पाहून केबल मागवावी लागते. मग टॅबलेट ब्लूटूथने जोडायचा आणि ड्रायव्हरला बसल्या जागेवरून दिसेल असा पक्का अडकवायचा. मांडीवर ठेवलेला चालत नाही. २००० च्या आधीच्या मॉडेलच्या इंजिनाला सूट आहे, कारण त्यातून माहिती धड निघत नाही. त्यामुळे वीस-वीस वर्षांच्या इंजिनांना अचानक भाव आला. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेतली थ्रीजी सेवा बंद झाली, तेव्हा थ्रीजीवरचे डबे बदलण्याचा खर्च पुन्हा त्याच माणसांच्या गळ्यात पडला.

तास चोरण्याचे गुन्हे सक्तीनंतर काही महिन्यांतच तपासणीत निम्म्यावर आले, यात वाद नाही. अपघातांचं चित्र तितकं सरळ निघालं नाही. सक्तीनंतरच्या आकड्यांवर विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी काम केलं, तेव्हा अपघात घटल्याचं दिसलं नाही. उलट छोट्या कंपन्यांच्या ड्रायव्हरांचे वेगमर्यादा मोडण्याचे गुन्हे वाढलेले आढळले. धक्क्यावर गेलेले तास वहीत लपवता येईनात, तेव्हा ते रस्त्यावर भरून काढले जाऊ लागले. २०२० मध्ये संस्थेने नियम थोडे सैल केले, विश्रांतीचे दहा तास सात आणि तीन असे तोडायची मुभा दिली. मैलावरचा पगार आणि धक्क्यावरचं फुकट ताटकळणं जिथल्या तिथे राहिलं.

आपल्याकडेही मोटर वाहतूक कामगार कायदा १९६१ पासून २०२५ पर्यंत दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास सांगत होता, आणि कागदी घोडे नाचत राहिले. नितीन गडकरींनी सप्टेंबर २०२१ मध्ये वैमानिकांसारखे ट्रक ड्रायव्हरांचेही तास बांधून द्यावेत आणि झोप ओळखणारे सेन्सर बसवावेत असं सुचवलं होतं. जीपीएस आणि फास्टॅगमुळे नागपूरच्या मालकाला त्याचा ट्रक कुठल्या टोलनाक्यावर आहे ते मिनिटाला कळतं. ड्रायव्हर किती तास जागा आहे, ते त्या पडद्यावर दिसत नाही.

अमेरिकेच्या नियमात एक बारीकशी अट अजून आहे. यंत्र बिघडलं तर दुरुस्तीला आठ दिवस मिळतात, म्हणून केबिनमध्ये निदान आठ दिवस पुरतील एवढी लॉगची कोरी पानं ठेवावीच लागतात, तीच चोवीस तासांची चौकट आणि त्याच चार ओळी.