राखणदार हवा, पण शिकारी नको

फार्महाऊस बांधून होतं, कोंबड्या येतात, मांजरं न बोलावता येतात, आणि मग घरात विषय निघतो: राखणीला एक दणदणीत कुत्रा हवा. चर्चा लगेच जातीवर जाते. डॉबरमन, रॉटवायलर, की आपला कारवान? माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच असायला हवा. या कुत्र्याचे पूर्वज जनावरं पकडण्यासाठी पाळले जात होते की सांभाळण्यासाठी?

शिकार आणि राखण या दोन निराळ्या प्रवृत्ती आहेत. लांडग्याची शिकार एका क्रमानं चालते: सावज हेरणं, नजर रोखणं, दबकत पुढे सरकणं, पाठलाग, झडप, जीवघेणा चावा, फाडणं. रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या अमेरिकी दांपत्यानं मेंढपाळांची कुत्री अभ्यासली, तेव्हा या क्रमातल्या वेगवेगळ्या पायऱ्या वेगवेगळ्या जातींत ठळक किंवा पुसट झालेल्या दिसल्या. बॉर्डर कॉलीत नजर आणि पाठलाग टोकाला गेले, चावा मागे पडला. म्हणून तो मेंढ्या हाकतो. तुर्कस्तानचा कंगाल, इटलीचा मरेम्मा, फ्रान्स-स्पेन सीमेवरचा ग्रेट पिरेनीज यांच्यात बहुतेक सगळा क्रमच थंडावलेला. मेंढी समोरून पळाली तरी ही कुत्री मख्ख. अनोळखी प्राणी कळपाजवळ आला, की मात्र भुंकत मध्ये उभी राहतात.

कारवान आणि मुधोळ या आपल्याकडच्या शिकारी जातींचं नेमकं उलटं. माळावर सशामागे सुटणं हेच त्यांचं पिढीजात काम. घरच्या मांजराशी गुण्यागोविंदानं राहणारा कारवान शेजारच्या पळत्या बोक्याला सोडेलच असं नाही.

ऑस्ट्रेलियातल्या वॉर्नम्बूलजवळचं मिडल आयलंड हे राखणीचं माझं आवडतं उदाहरण. ओहोटीला कोल्हे या चिमुकल्या बेटावर चालत जायचे आणि लिटल पेंग्विन फस्त करायचे. एकेकाळी शेकड्यांनी असलेले हे पक्षी 2005 पर्यंत दहाच्या आत आले. आपल्या कोंबड्या मरेम्माच्या भरवशावर ठेवणाऱ्या एका शेतकऱ्यानं सुचवलं, की पेंग्विनही तसेच सांभाळता येतील. 2006 पासून मरेम्मा तिथे पहारा देऊ लागले आणि पेंग्विन पुन्हा वाढले. जेमतेम किलोभर वजनाचा पक्षी आणि तीस-चाळीस किलोचा कुत्रा!

पण नुसतं रक्त पुरत नाही. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासकांनी 1965 मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्या सहवासात असतं, त्यांना ते आपलं मानायला शिकतं. म्हणून मेंढपाळ पिल्लाला कोकरांतच वाढवतात. आपल्याकडच्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, म्हणजे हातात मोजकेच आठवडे उरतात. मांजराची आणि कोंबड्यांची ओळख त्याच काळात, आणि तुमच्या डोळ्यांसमोर, व्हायला हवी. पुढे वर्ष-दीड वर्षाचं दांडगट वय येतं. तेव्हा राखणदार जातीचं कुत्रंही नुसत्या खेळाच्या भरात कोकरू किंवा कोंबडी मारून टाकू शकतं. या वयात त्याला कोंबड्यांत एकटं सोडू नका.

पिल्लाऐवजी वाढलेला कुत्रा आणायचा असेल तर जातीचं नाव ऐकून भुलू नका. अमेरिकेत हजारो कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन आणि जनुकं तपासून 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जातीचा वाटा फक्त 9 टक्के निघाला. तेव्हा तो कुत्रा स्वतः पाहा. पट्टा धरून त्याला मांजर लांबून दाखवा. क्षणभर बघून त्यानं मान वळवली, जमीन हुंगली, तोंड सैल उघडं राहिलं, तर पुढे जाण्यात अर्थ आहे. पण तोंड मिटलं, अंग ताठरलं, एक पाय हवेतच थांबला, हाक मारूनही कान हलेना, तर हा शिकारीचा क्रम सुरू झालाय. शेपटी हलतेय म्हणून फसू नका. ती उत्साहाची खूण आहे, मैत्रीची असेलच असं नाही. आणि भुंकणाऱ्यापेक्षा हा गप्प राहून बघणारा मांजराला जास्त धोक्याचा.

मरेम्मा किंवा पिरेनीज मागवायचा मोह मात्र आवरा. डोंगरातल्या थंडीसाठीचे ते दाट दुपदरी केस घेऊन विदर्भातला मे महिना काढायला लावणं हा निव्वळ छळ. त्यापेक्षा माळावर धनगरांच्या कळपाबरोबर लांडग्यांवर लक्ष ठेवणारी आपली कुत्री पाहा. पिल्लू मेंढ्यांतच जन्मलेलं असेल तर अर्धं काम झालेलं असतं. राखणदार कुत्री रात्री भुंकतात, आणि पुष्कळ भुंकतात, कारण लांडग्याला लांब ठेवण्याचा त्यांचा मुख्य उपाय तोच. भिंतीला भिंत लागून घर असेल तर आधी शेजाऱ्यांना विचारून घ्या.