आंडेर, आंडोर आणि पपईचं झाड

शहाद्याजवळ पपईचा मळा असलेले एक आप्पा गेल्या उन्हाळ्यात घरी आले. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी. आता ती पुण्यात नोकरीला आहे. पाण्याच्या तांब्याला हातही न लावता त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. मेसेज होता : ‘आप्पा, मी बायसेक्शुअल आहे. रागावू नका.’ आप्पांनी आवाज खाली आणला, आपल्या अहिराणी बोलीत विचारलं. “मॅडम, आंडेरना आंडोर व्हयना का?”

मुलीचा मुलगा झाला का? बहुतेक आईवडलांची गाडी इथेच अडते. शरीर, स्वतःची ओळख आणि ओढ या तीन वेगळ्या गोष्टी आपण एकाच पोत्यात भरून ठेवलेल्या असतात.

शरीराचं आप्पांना फारसं समजवावं लागलं नाही. पपईच्या जुन्या वाणांत रोपावरून नर-मादी कळत नाही. म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावायची, फुलं आली की नर ओळखून उपटायचे, दहा माद्यांमागे एखादा ठेवायचा. तैवान वाणात मादी झाडाला गोल फळ, तर उभयलिंगी (एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असलेल्या) झाडाला लांबट. दोनापुरता हिशेब त्यांच्या मळ्यातच बसत नाही. माणसाच्या गर्भातही पहिले सहाएक आठवडे जननग्रंथी सारख्याच असतात. मग वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय जनुक (१९९० मध्ये सापडलेलं) वृषणांची घडण सुरू करतं. ही साखळी कुठे वेगळी वळली, तर शरीर ठरलेल्या साच्यात बसत नाही. गुणसूत्रं मुलग्यांसारखी एक्सवाय, पण पेशी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाला दाद देत नाहीत, असं झालं तर बाळ मुलीसारखंच दिसतं. वयात येऊनही पाळी आली नाही म्हणून तपासणी होते, तेव्हा उलगडा होतो. अशा व्यक्तींना आंतरलिंगी म्हणतात.

पपई इथवरच कामाची. आपण कोण आहोत, हे झाडाला सांगता येत नाही.

माणसाला येतं, आणि त्याला लिंगभाव म्हणतात. मराठीत तो क्रियापदातून डोकावतो. ‘मी जाते’ म्हणताना एखाद्या मुलीला ते परक्याचं वाटतं, ‘मी जातो’ आपलं वाटतं. (क्रियापदावरून निदान मात्र करू नका, कोल्हापूरकडे मुली सर्रास ‘मी जातो’ म्हणतात, आणि अहिराणीत तर बाई काय नि बाप्या काय, ‘मी जास’.) जन्मावेळी नोंदवलेलं लिंग आणि आतली ओळख जुळत नसेल तर ती व्यक्ती ट्रान्सजेंडर किंवा पारलिंगी. स्त्री-पुरुष या दोन्हींत न बसणारी, ती नॉन-बायनरी. हिजडा ही गुरू-चेल्यांची परंपरा असलेल्या समाजाची ओळख आहे. प्रत्येक पारलिंगी माणूस त्या समाजातला नसतो. आपण मात्र तो शब्द शिवीसारखा फेकत आलो.

ओढ कोणाकडे, हा तिसरा प्रश्न. त्याला लैंगिक कल म्हणतात. आपल्याच लिंगाच्या व्यक्तीकडे ओढ असेल तर समलिंगी : पुरुष गे, बाई लेस्बियन. एकाहून अधिक लिंगांच्या व्यक्तींकडे असेल तर बायसेक्शुअल. कोणाकडेच लैंगिक ओढ नसेल तर अलैंगिक.

“मग ती आंडेरच से?” आप्पांनी विचारलं. हो, आंडेरच. तिने ओढीबद्दल लिहिलं होतं, ओळखीबद्दल नाही.

पुढचा प्रश्न मला पाठ आहे : आमचं काय चुकलं? २०१९ मध्ये पावणेपाच लाखांहून अधिक लोकांची जनुकं तपासणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. समलैंगिक वर्तन ठरवणारं एकच एक जनुक सापडलं नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा दिसला. घरच्या वळणामुळे, होस्टेलमुळे किंवा मैत्रिणींमुळे कल घडतो, याला पुरावा नाही.

आप्पा त्याआधी एका डॉक्टरांकडे जाऊन आले होते. ‘लग्न लावून द्या, सुधारेल,’ असा सल्ला मिळाला. मला राग आवरला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली. कल बदलण्याचे ‘उपचार’ करणं हा डॉक्टरांचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं. शिवाय अशा लग्नात आणखी एक घर फसतं, त्याचा हिशेब कोण देणार?

“पण दोन्ही आवडतात, तर पोरगाच निवडंल ना ती?” आप्पांनी शेवटची वाट शोधली. निवडेलही, पण ती बाजारातली निवड नव्हे, जीव कोणावर जडेल ते तिलाही आधी ठाऊक नसणार. पोलिसांची भीती नको, ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. दोन मुलींच्या लग्नाला कायद्याची मान्यता मात्र नाही. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने तो हक्क मानला नाही.

आप्पा बराच वेळ स्क्रीनवर बोट धरून बसले. मग म्हणाले, “मॅडम, हे तिच्या आईला अहिराणीत कसं सांगू?” ‘लैंगिक कल’ला अहिराणी शब्द मला सुचेना. काकूंना घेऊन या, म्हटलं, तिघं मिळून शोधू.