पंजाएवढ्या रबरावर

मागच्या उन्हाळ्यात शेंद्र्याला कामाला असणारा माझा मावसभाऊ गाडी घेऊन घरी आला. दोन लिटरचं टर्बो इंजिन, सगळी ताकद पुढच्या चाकांना. सिग्नल सुटला आणि पाय दाबला की पुढची चाकं जागेवरच फिरतात, ही त्याची तक्रार. उपायही त्याने ठरवून ठेवला होता : १७ इंची रिम काढून १८ इंची अलॉय टाकायचे.

मी म्हटलं, आधी एक गोष्ट बघू. जॅक लावून पुढचं चाक उचललं, टायरला ओला गेरू फासला, खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि चाक अलगद टेकवलं. पुन्हा उचललं तेव्हा कागदावर तांबडा ठसा उमटला होता. त्याने त्यावर हात ठेवला. ठसा साधारण त्याच्या पंजाएवढा होता.

हिशेबही तेच सांगतो. १४०० किलोची गाडी म्हणजे एका चाकावर सरासरी ३५० किलो. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलोचा दाब. भागाकार केला की उत्तर येतं सुमारे १५५ चौरस सेंटिमीटर. इंजिनची ताकद, ब्रेकची ताकद, वळणावरचा जोर, सगळं अशा चार पंजांमधूनच रस्त्यापर्यंत पोचतं. इंजिनवर लाखभर खर्चायला तयार असलेला माणूस टायर घेताना पाचशे रुपयांसाठी घासाघीस करतो, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

रबर रस्त्याला धरतं ते दोन तऱ्हांनी. कोरड्या, स्वच्छ डांबरावर रबराचे रेणू पृष्ठभागाला अक्षरशः चिकटतात आणि सुटतात. दुसरी तऱ्हा जास्त रंजक आहे. डांबरातून वर आलेल्या खडीवर रबर दबतं आणि तिच्या कडेकपारीत शिरतं. पण खडी पुढे सरकल्यावर ते लगेच मूळ आकारात येत नाही, जरा रेंगाळतं. त्यामुळे खडीच्या एका बाजूला रबराचा दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. हा फरकच घसरणीला अडवतो. पाऊस पडला की पाण्याचा थर रेणूंचं चिकटणं तोडतो आणि भिस्त या रेंगाळण्यावर येते. मिशेलिन या टायर कंपनीने १९९२ मध्ये रबर मजबूत करायला घालतात त्या काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणात सिलिका घातलेलं रबर बाजारात आणलं. ओल्या रस्त्यावरची पकड टिकवून इंधनाची नासाडी कमी करणं त्यातून जमलं. म्हणून माझं मत असं की टायर निवडताना नक्षीपेक्षा आधी रबराचा विचार करावा.

रुंद टायरने पकड वाढते का? शाळेत शिकलो की घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. रबर मात्र हा नियम पाळत नाही. दाब वाढत गेला की त्याची पकड त्या प्रमाणात वाढत नाही. हवा तेवढीच ठेवली तर रुंद टायरचा ठसा फारसा मोठा होत नाही, त्याचा आकार बदलतो : लांबी कमी, रुंदी जास्त. वळणावर याचा फायदा होतो. साचलेल्या पाण्यात मात्र रुंद टायर लवकर तरंगतो.

हे तरंगणं समृद्धी महामार्गावरून जाणाऱ्यांनी नीट समजून घ्यावं. नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक ढोबळ सूत्र काढलं : गुळगुळीत झालेला टायर साचलेल्या पाण्यावर कोणत्या वेगाला उचलला जाईल, ते आतल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. ३२ पीएसआयला तो वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो, २४ पीएसआयला ८२. समृद्धीवर मोटारींना मुभा १२० ची. नक्षी खोल असेल तर ती पाणी बाहेर फेकते आणि ही मर्यादा वर जाते. कायद्याने नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. पावसाळ्यात मी ३ मिलिमीटरलाच टायर बदलतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, परदेशी चाचण्यांत ती मला दिसलेली नाही. मृगाचा पाऊस झाला की ट्रॅक्टर शेतातून थेट डांबरी रस्त्यावर चढतात आणि चाकांना लागलेली काळी माती शंभर-दोनशे फूट पसरत जाते. ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि साबणासारखी होते. टायरच्या खाचांत ती भरली की नवा टायरही गोटा झाल्यासारखा वागतो. पाथरी-सेलूकडे असा पट्टा दिसला की मी वेग आधीच सोडून देतो. त्यावर ब्रेक मारून उपयोग नसतो.

आता रिमकडे येऊ. टायरच्या मापात पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये; दुसरा साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या किती टक्के ते सांगतो; शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. २०५/५५ आर १६ ऐवजी २२५/४५ आर १७ घातला तर चाकाचा बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, पण साइडवॉल ११३ मिलिमीटरवरून साधारण १०१ वर येते. २२५/४० आर १८ मध्ये ती ९० उरते. कमी उंचीच्या साइडवॉलमुळे स्टिअरिंगला गाडी चटकन उत्तर देते, हे खरं. पण तालुक्याच्या रस्त्यावरच्या खड्ड्यात तोच धक्का रिमला बसतो. रिम वाकते, साइडवॉलला गाठ येते. मोठी रिम बहुधा जडही असते. जड चाक खडबडीत रस्त्यावर उसळलं की स्प्रिंगला ते लवकर खाली दाबता येत नाही, आणि हवेत असलेल्या चाकाची पकड शून्य. रिमवर पैसे घालायचेच असतील तर त्याच मापाची, हलकी, फोर्ज केलेली (धातू दाबून घडवलेली) रिम घ्यावी. पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) आणि मधलं हबचं भोक जुळतं का, हे दुकानात चाक बसवूनच बघावं.

टायरच्या बाजूवर ट्रेडवेअरचा, म्हणजे नक्षी किती टिकेल याचा, आकडा असतो. २०० च्या आसपासचं रबर मऊ आणि चिकट, ५०० चं टिकाऊ. हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच्या चाचणीवरून देते, म्हणून तुलना एकाच कंपनीच्या टायरांत करावी. १०० च्या आतले ट्रॅकचे टायर पावसात घातक. थंडीचे टायर आपल्याला लागतच नाहीत. चांगल्या ओल्या पकडीचा, ३०० च्या जवळचा उन्हाळी परफॉर्मन्स टायर परभणी-जालन्याच्या हवेला योग्य.

हवा नेहमी गाडी चालवण्याआधी, थंड टायरमध्ये तपासायची. सकाळी २५ अंशाला भरलेले ३२ पीएसआय, आतली हवा ६५ अंशावर गेली की ३८ च्या आसपास दाखवतात. ते बघून दुपारी पंपावर हवा कमी करणं चूक. मग टायर जास्त दबतो, साइडवॉल सतत वाकून आणखी तापते आणि टायर फुटण्याचा धोका वाढतो.

भावाने १७ इंची रिम तशाच ठेवल्या आणि चारही टायर बदलले. दोनच घ्यायचे असते तर मी ते मागे टाकायला सांगितलं असतं, ताकद पुढच्या चाकांना असूनही; कारण ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर पाय उचलून सावरता येतं, मागची घसरली तर गाडी फिरते. दुकानात टायर उतरवताना त्याने साइडवॉलवरचे शेवटचे चार अंक वाचले : आठवडा आणि साल. दोन टायर चार वर्षं जुने निघाले. ते त्याने परत करून नवे मागवले.